घडी न मोडणारं पुस्तक

मी साडीच्या दुकानात काम करतो. बेळगावात, खडेबाजारात, दुकानाचं नाव सांगत नाही कारण मालक पण दिवसभर फोनवर वाचतच बसलेले असतात. आमच्याकडं नवीन पोरगं कामाला लागलं की साड्या दाखवायला शिकवायच्या आधी परत आलेली साडी कशी बघायची ते शिकवतात. पहिल्यांदा घडी. कंपनीची घडी आणि घरात परत घातलेली घडी यात फरक असतो, तो बोटाला कळतो. मग पदर नाकाजवळ न्यायचा, अत्तर, घाम, पंगतीतल्या भाजीचा वास, काहीतरी असतंच. मग निऱ्या खोचतात ती जागा आणि खांद्याची जागा उजेडात धरून पिनांची भोकं आहेत का बघायची. फॉल लावून उसवला असेल तर सुईच्या खुणा राहतात. लग्नसराईत अशा दोन-चार साड्या येतातच, 'घरात कुणाला रंग पसंत पडला नाही ओ' म्हणत, आणि त्याच साडीतला फोटो लग्नाच्या दिवशीच मालकिणीबाईंनी स्टेटसवर बघितलेला असतो.

हे कशाला सांगायलोय, तर ईबुकला घडी नसते. रात्रभर जागून शेवटच्या पानापर्यंत वाचा नाहीतर उघडूच नका, फाईल तशीच्या तशी. पान दुमडत नाही, चहाचा कप ठेवल्याचा गोल डाग पडत नाही, मधे शेवेचा कण सापडत नाही. म्हणून ते परत करताना हात थरथरत नाही. सगळा घोळ इथनं सुरू होतो.

शहापुरात माझी बहीण राहते, तिचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, हुशार आहे, वाचतो पण भरपूर, त्याबद्दल मला त्याचं कौतुकच आहे. मागं एका रविवारी चहाला गेलो तर म्हणाला मामा, या महिन्यात सहा पुस्तकं वाचली आणि एक रुपया गेला नाही. मला वाटलं लायब्ररीतनं आणली असतील. तर नाही. एका अ‍ॅपवरनं विकत घ्यायची, दोन-तीन रात्रीत संपवायची, मग कस्टमर केअरच्या चॅटवर जाऊन 'अक्षरं नीट दिसत नाहीत' असं टाकायचं, पैसे परत. परत आलेल्या पैशात पुढचं पुस्तक. म्हणजे एकदा घातलेल्या दीडशे रुपयांवर सहा पुस्तकं. मी म्हटलं अरे काय करुलास कळतंय काय तुला, तर म्हणाला एवढ्या मोठ्या कंपनीला दीडशे रुपयांनी काय होतंय.

हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांच्या तोंडी ऐकलं, चांगल्या घरच्या, दुकानात सुट्टे पाच रुपये जास्त आले तर परत द्यायला येणाऱ्या माणसांच्या तोंडी. त्यांना चोरी करायची नाहीये, फक्त तो पैसा कुणाच्या खिशातनं जातोय ते माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं. येळ्ळूरच्या एका निवृत्त सरांचं पुस्तक मी ईबुक करून टाकलं (दुकानात बिलिंगचा कॉम्प्युटर मी बघतो म्हणून सगळ्यांना वाटतं मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं), तेव्हा आतनं हा व्यवहार कसा चालतो ते कळलं. तेच सांगतो. उदाहरणाला अ‍ॅमेझॉनचं किंडल, म्हणजे त्यांचं ईबुकांचं दुकान, घेतो कारण त्यांचे नियम उघड लिहिलेले आहेत आणि मराठी ईबुक म्हटलं की बऱ्याच जणांना तेच आठवतं. बाकी ठिकाणी आकडे वेगळे असतील, पण गाडा साधारण असाच चालतो.

आधी हे की तुम्ही ईबुक 'विकत' घेता म्हणजे काय घेता. छापील पुस्तक घेतलं की कागद तुमचा, उद्या दुसऱ्याला द्या, जुन्या बाजारात विका, रद्दीत घाला, कोण विचारणार नाही. ईबुकचं बटण दाबलं की तुम्हाला मिळते ती वाचायची परवानगी. पुस्तक तुमच्या मालकीचं होत नाही, तुमच्या खात्यावर उघडं होतं एवढंच. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्काच्या भानगडीमुळं काही विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडलमधनं परस्पर काढून घेतली होती, पैसे परत दिले आणि पुस्तक गायब, तेव्हा अमेरिकेत केवढा गोंधळ झाला. रिफंड म्हणजे तीच गोष्ट उलट्या बाजूने, तुम्ही म्हणता परवानगी नको, ते परवानगी काढून घेतात आणि पैसे देतात. साडी परत आली की निदान साडी तरी परत येते, तिला इस्त्री करून सेलमध्ये काढता येते. इथं परत काय आलं? वाचलेलं तर डोक्यात राहिलंच.

आता पैसे. समजा पुस्तकाची किंमत १०० रुपये ठेवली. स्वतः ईबुक टाकणाऱ्या लेखकाला किंडलवर दोन हिशेब असतात, ३५ टक्क्यांचा आणि ७० टक्क्यांचा. ७० ऐकायला झकास वाटतं पण भारतातल्या विक्रीवर ते हवं असेल तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट नावाच्या योजनेत घालावं लागतं, म्हणजे नव्वद-नव्वद दिवसांच्या बोलीवर ते ईबुक दुसरीकडं कुठंच द्यायचं नाही, स्वतःच्या वेबसाईटवर पण नाही. शिवाय ७० च्या हिशेबात फाईल पोचवायचा खर्च लेखकाच्या वाट्यातनं जातो, भारतात एमबीला सात रुपये. नुसत्या मजकुराची फाईल एक एमबीची असेल तर १०० मधनं ७ गेले, उरलेल्या ९३ चे ७० टक्के, म्हणजे ६५ रुपये १० पैसे. पण आमच्या सरांना प्रत्येक प्रकरणाला भाताच्या शेताचे फोटो घालायचे होते, फाईल झाली दहा एमबी. १०० मधनं ७० गेले, उरल्या ३० चे ७० टक्के म्हणजे २१ रुपये. त्यापेक्षा ३५ चा हिशेब बरा, त्यात हा पोचवायचा खर्च कापत नाहीत. सर म्हणाले पस्तीस तर पस्तीस, आमच्या काळात पस्तीसला पास व्हायचे.

टॅक्सची एक गंमत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ईबुकवर आहे, आणि २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला तो फक्त ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती पण आहे त्यालाच, नुसतंच ईबुक असेल तर १८. म्हणजे ज्याच्याकडं छापायला पैसे नव्हते म्हणून जो ईबुककडं आला त्याच्या पुस्तकावर जास्त. असो, तो वेगळाच विषय आहे, माझं डोकं फिरतं त्यावर.

तर सरांना एका पुस्तकामागं ३५ रुपये, आणि ते पण लगेच नाहीत, महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी. आता तुम्ही पुस्तक परत केलं. कंपनीने तुम्हाला तुमचे पैसे दिले, स्वतःचा वाटा सोडला, आणि लेखकाचे ३५ लेखकाच्या खात्यातनं वजा केले. कंपनी एवढी मोठी, तिला काय होतंय म्हणणाऱ्याचं खरं आहे, तिला खरंच काही होत नाही. दुकानदाराला भाडं, लाईटबिल, नोकराचा पगार असतो, विक्री उलटी फिरली तर त्याला टोचतं. फाईल एकदा इकडनं तिकडं पाठवायला कंपनीला जे लागतं ते तिच्या हिशेबात दिसत पण नसेल. टोचतं ते ३५ रुपयेवाल्याला.

आणि हे वजा होणं कसं दिसतं ते बघण्यासारखं आहे. महिन्यात नऊ पुस्तकं विकली, चार परत आली, तर ३१५ मधनं १४० गेले, १७५ उरले. इथपर्यंत ठीक. पण समजा कुणी २८ तारखेला घेतलं आणि पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला परत केलं, अशी तीन परत आली आणि त्या नवीन महिन्यात विक्री झाली एकाचीच, तर ३५ अधिक, १०५ वजा, खात्यावर उणे सत्तर. पुस्तक लिहून माणूस देणं लागतो. सरांच्या खात्यावर असंच उणे सत्तर दिसलं तेव्हा त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, हे सत्तर रुपये मी कुठं भरायचे, बँकेत की पोस्टात? मी आधी हसलो, आणि मग मला हसल्याचं वाईट वाटलं. भरायचे नसतात ओ, पुढच्या विक्रीतनं वळते होतात, असं त्यांना दोनदा समजावून सांगितलं. पण मास्तर माणूस, डोक्यावर देणं आहे म्हटल्यावर त्यांना झोप लागेना.

शिवाय रिपोर्टमध्ये फक्त आकडा असतो. कुणी परत केलं ते कळत नाही, का केलं ते कळत नाही, किती वाचून केलं ते पण नाही. माझा भाचा चॅटवर 'अक्षरं नीट दिसत नाहीत' असं ठोकून देतो, ते वाक्य लेखकापर्यंत पोचतच नाही. लेखकाला दिसतं ते एवढंच की चार जणांनी घेतलं होतं, आता त्यांना ते नकोय. सर म्हणायचे, तिसऱ्या प्रकरणात कंटाळा येत असेल काय रे? ते प्रकरण त्यांनी तीनदा नव्याने लिहिलं. आता कुणास ठाऊक, त्या चारातल्या तिघांना पुस्तक इतकं आवडलं असेल की त्यांनी एका रात्रीत संपवलं आणि सकाळी परत केलं. मला तर सत्तर रुपयांपेक्षा हेच जास्त लागलं.

हे काही आमच्या सरांपुरतं नाही. २०२२ मध्ये इंग्रजीत लिहिणाऱ्या, विशेषतः प्रेमकथा आणि अद्भुत कथांच्या मालिका स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखिकांच्या हे एकदम लक्षात आलं. टिकटॉकवर व्हिडिओ फिरायला लागले होते की किंडलवर पुस्तक घ्या, वाचा, सात दिवसांच्या आत परत करा, पैसे मिळतात, सोपं आहे. (आपल्याकडं टिकटॉक २०२० मध्येच बंद झालं, पण युक्त्यांना अ‍ॅप लागत नाही, त्या कट्ट्यावर पण पसरतात.) तेव्हा परत करायला कारण सांगावं लागायचं तरी ते यादीतनं निवडायचं, 'चुकून घेतलं' वर बोट ठेवलं की झालं, समोर माणूस नाहीच. मालिकांच्या बाबतीत तर असं दिसायला लागलं की पहिला भाग घेतला, परत, दुसरा घेतला, परत, तिसरा, परत. आता सांगा, पहिला भाग चुकून घेतला हे मान्य, पण पाचवा चुकून कसा घेतला? आमच्या दुकानात एखादी बाई पाच लग्नांना पाच साड्या नेऊन परत करायला लागली तर सहाव्या वेळी मालक स्वतः उठून चहा मागवतील आणि गोड बोलून दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतील.

लेखिकांच्या खात्यावर उणे आकडे दिसायला लागले. ऑनलाईन अर्ज निघाला, हजारो लोकांनी सह्या केल्या, अमेरिकेतली ऑथर्स गिल्ड ही लेखकांची संघटना अ‍ॅमेझॉनशी बोलली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं की कंपनी नियम बदलणार, दहा टक्क्यांपेक्षा जास्त पुस्तक वाचलेलं असेल तर आपोआप रिफंड मिळणार नाही, कस्टमर केअरकडं मागावा लागेल आणि तिथला माणूस कारण खरं आहे का ते बघून ठरवेल. म्हणजे बघा, शेवटी ईबुकला पण घडी आणावी लागली. दहा टक्के ही ती घडी. मोडली की नाही ते मशीनला कळतं, कारण तुम्ही कुठल्या पानावर आहात ते त्याला माहीत असतंच, फोनवर अर्धं वाचून टॅबवर उघडलं तर तिथनंच सुरू होतं ते उगाच नाही.

कॉम्प्युटर गेमवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. स्टीम म्हणून गेमचं मोठं दुकान आहे, तिथं २०१५ पासून नियम आहे, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. नुसते दिवस मोजून भागत नाही, वापर मोजायला पाहिजे हे त्यांना कळलं होतं. (छोट्या, दीड तासात संपणाऱ्या गेम बनवणाऱ्यांची तिथंही तीच रड आहे. दोन तासांची घडी त्यांच्या मापाची नाही.) ऑडिओबुकमध्ये वेगळाच प्रकार झाला, ऑडिबल या ऐकायच्या पुस्तकांच्या दुकानात वर्षभरात कधीही पुस्तक बदलून घ्या अशी सवलत होती, पूर्ण ऐकलेलं असलं तरी चालायचं, आणि लेखकांना रिपोर्टमध्ये फक्त निव्वळ विक्री दिसायची, किती परत आली ते दिसतच नव्हतं. २०२० च्या शेवटी हे उघडं पडलं तेव्हा मोठा आरडाओरडा झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून ठरलं की सात दिवसांनंतर परत आलेल्याचा भार लेखकावर नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायची उदार सवलत इतके दिवस दुसऱ्याच्याच खिशातनं चालली होती. आमच्याकडं म्हणतात तसं, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. कुंदा वाटला कुणी आणि दूध आटवलं कुणी.

आता यावर कुणी म्हणेल मग रिफंड बंदच करा. नाही ओ, तसं नाही. रिफंड पाहिजेच. ईबुक घ्यायचं बटण एका बोटाचं असतं, घरात पोरांच्या हातात फोन असतो, खरंच चुकून खरेदी होते. आजोबांचं चरित्र म्हणून घेतलं आणि निघालं त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाचं, असंही होतं. मराठी समजून घेतलं आणि आत हिंदी निघालं, लिपी एकच असल्याने मुखपृष्ठावरनं कळत नाही. आणि मराठी ईबुकांचा खास रोग म्हणजे फॉन्ट. आपल्याकडं वर्षानुवर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवरची जुळणी, झालं ते जुन्या फॉन्टांमध्ये, त्या फाईली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांत, बदलताना अक्षरं फुटतात, रफार एक घर पुढं जाऊन बसतो, 'ऱ्या' चा अर्धा र पळून जातो, वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. अशी शंभर पानं कुणी वाचावीत? तिथं पैसे परत मागणं हा सरळ हक्क आहे, आणि त्यात लेखकाचं पण भलंच आहे. खराब माल परत घ्यायला नकार देणं कायद्यात बसत नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ते अनुचित व्यापार प्रथेत धरलंय, बिलावर लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत. भिंतीवर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ची पाटी लावून कुणी सुटत नाही. हे मी साडीच्या दुकानात बसून लिहितोय, मालकांनी वाचलं तर वाचलं. पण कायद्यात शब्द आहे तो खराब मालाचा. वापरून मन भरलेल्या मालाचा नाही.

पुस्तक आवडलं नाही म्हणून परत केलं तर? इथं माझं मत असं की पंधरा-वीस पानांत कळलं की हे आपलं काम नाही, तर करा परत, काही पाप नाही. नमुना वाचायची सोय असताना आधीच बघितलं असतं तर बरं, पण ठीक आहे. शेवटपर्यंत वाचून मग 'आवडलं नाही' म्हणणाऱ्याचं मात्र मला पटत नाही. पंगतीत चार वेळा वाढून घेतलं आणि हात धुताना म्हणाला आमटी खारट होती, त्यातला प्रकार.

गुन्हा आहे काय म्हणाल तर पोलीस काही येणार नाहीत. दुकानाने दिलेल्या सोयीचा गैरवापर आहे, फार तर ते तुमची ती सोय बंद करतील. पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पसरवणं ही वेगळी गोष्ट, ते १९५७ च्या कॉपीराईट कायद्याखाली सरळ सरळ गुन्ह्यात जातं, त्यात कैद आणि दंड दोन्ही आहे. गंमत म्हणजे लोक याची गल्लत उलटी करतात, पीडीएफ पाठवणाऱ्याला समाजसेवक म्हणतात.

इथं आमच्या भागाचं थोडं सांगतो, कारण इथं आकडे फार लहान असतात आणि आकडा लहान असला की चार परत आलेली पुस्तकं पण मोठी दिसतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी वाचणारे किती आणि त्यातले पुस्तक विकत घेणारे किती. तरी हा भाग वाचण्यात कधी मागं नव्हता. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. १९४६ चं मराठी साहित्य संमेलन इथं झालं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनातला. आणि आजही हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, बेळगुंदी, सांबरा, माचीगड अशा गावांमध्ये गावानेच भरवलेली साहित्य संमेलनं होतात, सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी जेवण, संध्याकाळी कविसंमेलन, आणि मंडपाच्या कडेला पुस्तकांची टेबलं. तिथं निवृत्त मास्तर, पोस्टमन, सोसायटीतले क्लार्क, शेतकरी आपापल्या पुस्तकांच्या तीनशे प्रती छापून घेऊन बसलेले असतात. सरांचं पहिलं पुस्तक असंच विकलं गेलं. त्या टेबलावरनं घेतलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी कुणी सरांच्या दारात नेऊन म्हणेल काय, सर, वाचून झालं, पैसे द्या? भाच्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला छे, सरांना कसं म्हणायचं, तोंड कसं दाखवायचं. मग त्याला सांगितलं की त्याने ज्या सहा पुस्तकांचे पैसे परत घेतले त्यातल्या दोघांनी स्वतःच पुस्तक टाकलंय, प्रकाशक कोण नाही, मागं कंपनी कोण नाही. तिथं पण टेबलामागं कुणीतरी बसलेलाच आहे, तुला मंडप दिसत नाही एवढंच. तो काही बोलला नाही. फोन बघत बसला. मला वाटलं रागावला.

किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून रीतसर यायला लागली, म्हणजे हा बाजार अजून लहान पोरच आहे. सीमेवरच्या लेखकाला त्याचा एक मोठा फायदा असा की पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडं हेलपाटे न घालता, गाडीभाडं न घालवता पुस्तक तिकडच्या वाचकापर्यंत पोचतं, वाटेत कुणाला विचारावं लागत नाही. पण प्रकाशक मधनं गेला की प्रकाशकाचा आधार पण गेला. मोठ्या प्रकाशकाच्या शंभर पुस्तकांत चार परत आली तर ते कुठंतरी मिसळून जातं. एकट्या माणसाचं एकच पुस्तक, त्यात मिसळायला जागा नाही.

पैसे नाहीत म्हणून कुणी असं करत असेल तर मला त्याची कीव येते पण त्याला रस्ते आहेत, आणि ते चांगले रस्ते आहेत. बहुतेक ईबुकांचा सुरुवातीचा भाग नमुना म्हणून फुकट वाचता येतो, पैसे भरायच्या आधी तेवढं वाचा, निम्मी चुकीची खरेदी तिथंच थांबते. किंडल अनलिमिटेडसारखी महिन्याची वर्गणी भरली की त्यातली पुस्तकं हवी तेवढी वाचा, आणि तिथं लेखकाला वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात, २०१५ पासून तसंच आहे. म्हणजे तुम्ही अर्ध्यात सोडलं तरी त्याला अर्ध्याचं मिळतं, कुणाचं काही उलटं फिरत नाही, पटापट वाचणाऱ्यांसाठी खरं तर हेच बरोबर आहे आणि भाच्यासारख्याला तर परवडतं. ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ईबुकं फुकट देतं, लेखकांच्या परवानगीने. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं आणि मराठी विश्वकोश फुकटात वाचता येतात. ज्या लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली त्याचं लेखन तर सगळ्यांचंच झालेलं असतं. आणि आपलं वाचनालय आहेच की, वर्गणी दुकानातल्या एका रुमालाच्या किमतीत बसते म्हणत नाही पण जवळपास.

एक खरा रिफंड पण सांगून टाकतो, नाहीतर वाचकांवरच सगळं ढकलल्यासारखं होईल. सरांनी जुन्या सवयीने ईबुकच्या शेवटच्या पानावर आपला फोन नंबर घातला होता (मी नको म्हणालो होतो). एक दिवस निपाणीहून एकाचा फोन आला, तंबाखूच्या वखारीत कामाला असलेला माणूस, म्हणाला सर, गोष्ट चांगली आहे पण तुमच्या पुस्तकात अक्षरं फुटल्यात, 'वाऱ्यावर' च्या जागी भलतंच काहीतरी येतंय, मी बारा पानं वाचली आणि मागं केलं, राग मानू नका. सर रागावले कसले, त्यांनी वही घेतली आणि त्याच्याकडनं पान सांगून चुका लिहून घेतल्या, अर्धा तास. चूक माझी होती, फाईल बदलताना एक प्रकरण जुन्या फॉन्टचंच राहिलं होतं आणि मी माझ्या कॉम्प्युटरवर तपासलं जिथं तो फॉन्ट आधीच बसवलेला, त्यामुळं मला सगळं छान दिसत होतं. म्हणजे भाचा चॅटवर जे खोटं सांगत होता ते आमच्याच पुस्तकाच्या बाबतीत खरं निघालं. आता सांगा, त्याच्यासारखे शंभर जण खोटं सांगत असतील तर कस्टमर केअरवाल्याने निपाणीच्या माणसाचं खरं कसं ओळखायचं?

फाईल दुरुस्त करायला मी भाच्यालाच बसवलं. शिक्षा म्हणून नाही, त्याचे डोळे तरणे आहेत म्हणून. त्याने तीन रात्री बसून सगळं पुस्तक वाचलं, एकोणीस चुका काढल्या, त्यातल्या दोन सरांच्या शुद्धलेखनाच्या होत्या त्या सर अजून मान्य करत नाहीत. नवीन फाईल चढवली, सरांनी निपाणीला फोन करून कळवलं की आता अक्षरं बरोबर झाल्यात, पैसे भरू नका, मी तुम्हाला अशीच पाठवतो. तो म्हणाला नको नको, बघतो मी.

पुढच्या मंगळवारी रिपोर्टमध्ये एक विक्री दिसली. कुणी घेतलं ते त्यात येत नाही हे सरांना मी किती वेळा सांगितलंय. पण ते म्हणतात तोच तो, निपाणीचा, आणि आठ दिवस झाले तरी परत आलं नाही तेव्हा मला दुकानात फोन करून म्हणाले, बघ, राहिलं.

मी साडीला घडी घालत होतो, फोन खांद्यावर धरून हो म्हणालो.